रान सरकारचं, झळ मात्र आपल्याला



मागच्या अंकात आपण हरभऱ्यावरच्या घाटेअळीविषयी बोललो. आज बांधापलीकडच्या रानाकडे वळू या. पौष सरत आला आहे. डोंगरावरचे गवत वाळून कडकडीत झाले आहे. आता एक काडी पुरे.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट सांगतो. फाल्गुनातली संध्याकाळ होती. डोंगरपायथ्याच्या एका गावी माती परीक्षणाची माहिती द्यायला गेलो होतो. समोर वनखात्याच्या डोंगरावर वणवा पेटला होता आणि आम्ही दहाबारा जण पारावर बसून तो बघत होतो. मी विचारले, "बाबा, विझवायला कुणी जात नाही का?" एक म्हातारबाबा म्हणाले, "साहेब, रान सरकारचं. सरकार विझवील." मीही गप्प बसलो. वन काही माझे खाते नव्हते! रात्री वारा फिरला. पहाटेपर्यंत त्याच बाबांच्या कडब्याच्या दोन गंज्या आणि बांधावरची आंब्याची बारा कलमे जळून गेली. त्या गप्प बसण्याची टोचणी मला अजून आहे.

वणवे बहुतेक माणसाच्या हातूनच लागतात. कुणी विडीचे थोटूक टाकतो, कुणी मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो. "गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं फुटतं," असेही आपण ऐकत आलो आहोत. जळक्या रानात हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरे. पण दरसाल जाळत राहिले की मारवेल, पवन्यासारखी सकस गवते मागे पडतात आणि कुसळी माजते. माती उघडी पडते, पहिल्या वळवाने वाहून जाते, पाणी कमी मुरते. मग विहीर लवकर का आटली, असे आपण एकमेकांना विचारतो.

रानातल्या जिवांचे हाल तर पाहवत नाहीत. तित्तर, लावा, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. साप, घुबड, कोल्हा हे आपल्या पिकातले उंदीर खाणारे बिनपगारी राखणदार. त्यांचा आसरा जळाला तर नुकसान कुणाचे?

"पण आमच्या हातात काय आहे?" असे तुम्ही म्हणाल. पुष्कळ आहे. ज्याला जंगलात चराईचा किंवा लाकूडफाट्याचा हक्क आहे, त्याने आग विझवायला मदत करणे १९२७ च्या वन कायद्यानेच बंधनकारक केले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर हक्कधारकांना आणि त्यांच्या ग्रामसभेला जंगल आणि वन्यजीव राखण्याचा अधिकारच दिला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण त्या गावाने कागदाची वाट पाहिली नव्हती. रानाला मुद्दाम आग लावायची नाही, असे नियम त्यांनी कितीतरी आधी सर्वांच्या संमतीने केले होते. आधी राखण, मग हक्काचा कागद.

आपल्या गावापुरते एवढे करा :

१) २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वणव्याचा विषय घ्या. फाल्गुन-चैत्रात राखणीला कोण, कोणत्या दिवशी, याच्या पाळ्या लावा.

२) रानाला लागून असलेल्या आपल्या बांधावरचे गवत आताच कापून गोठ्यात न्या. दहाबारा फुटांचा पट्टा मोकळा ठेवा. जंगलातल्या जाळरेषा वनरक्षकाच्या देखरेखीखालीच काढा. आपल्या मनाने तिथे काडी लावू नका.

३) मोहाखालचा पाला झाडून बाजूला करा, जाळू नका. झाडाखाली जुने लुगडे अंथरले तर फुले स्वच्छही मिळतात.

४) आग दिसताच वनरक्षकाला कळवा किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

५) लहान आग ओल्या डहाळ्यांनी बाजूने झोडपत विझवा. आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नका. चढावर आग माणसापेक्षा वेगाने धावते. अंगात सुती कपडे असू द्या, नायलॉनचे नकोत. मुलांना नेऊ नका. आग मोठी असेल तर जिवावर उदार होऊ नका.

भगिनींनो, सरपण, पाला आणि पाणी यांचा भार तुमच्याच डोक्यावर असतो. तेव्हा ग्रामसभेला तुम्ही जाच, आणि मागे न बसता पुढे बसा.

ते म्हातारबाबा आता नाहीत. पण त्यांच्या मुलाने बांधावर पुन्हा कलमे लावली आहेत, आणि पौषात तो सगळ्यांच्या आधी विळा घेऊन बांधावर जातो. यंदा तुमच्या गावात पहिला विळा कुणाचा?

आपला,
कृषी अधिकारी