दोष एकट्या आईचा नाही!

मूल वारंवार आजारी पडू लागले, की घरात पहिले बोट सुनेकडे वळते. ‘तिच्या माहेरचे रक्तच खराब!’ विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत सिकलसेलच्या बाबतीत हे वाक्य अजूनही कानावर येते. मोठ्यांपुढे व्याख्याने देऊन ते थांबत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, सातवी-आठवीच्या मुलांना आनुवंशिकता नीट शिकवा. मुले घरी जाऊन सांगतात.

त्यासाठी प्रयोगशाळा नको, दोन नाणी पुरतात. एक आईचे, एक वडिलांचे. हिमोग्लोबिनच्या या जनुकाची आपल्यात जोडी असते. तिच्यातले एक आईकडून येते, एक वडिलांकडून. छापा म्हणजे चांगले जनुक, काटा म्हणजे सिकलसेलचे. आईवडील दोघेही वाहक आहेत असे धरा. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, म्हणून घरात कोणाला पत्ताही नसतो.

आता दोन्ही नाणी एकदम ४० वेळा उडवायची आणि वहीत टिपायचे. साधारण १० वेळा दोन्ही छापे पडतील, २० वेळा एक छापा एक काटा, १० वेळा दोन्ही काटे. दोन काटे म्हणजे रुग्ण, एक काटा म्हणजे वाहक. ग्रेगर मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवरून १८६६ साली हेच गणित जगापुढे मांडले.

मग मुलांना विचारा, रुग्ण जन्मायला एकट्या आईचे नाणे पुरले काय? पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन ठणठणीत, हे तरी खरे काय? नाण्याला मागचा डाव आठवत नाही. दर खेपेला धोका चारात एक, तेवढाच. हा आजार शिवल्याने लागत नाही आणि तो मागच्या जन्माचे पापही नव्हे. मात्र ‘तुमच्या घरी कोणाला आहे?’ असे भर वर्गात विचारू नका. पोरे चिडवतात.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तिच्यात ४० वर्षे वयापर्यंतच्या लोकांची रक्ततपासणी ठरली आहे. सोयरीक जुळवण्याआधी ही तपासणी करून घ्या. एक वाहक असला आणि दुसऱ्यात हे जनुकच नसले, तर दोन काटे पडूच शकत नाहीत. तेव्हा वाहक म्हणून मुलगी नाकारू नका. आणि अहवाल मागाल तो दोघांचाही मागा, केवळ मुलीचा नको!