घरच्या मातीने घर सजवू या

बायांनो, कापूस विकला गेला ना? मग आता त्या खोलीकडे एकदा नीट पाहा.

आमच्या अल्लीपूरला, अन् साऱ्या हिंगणघाट तालुक्यातच म्हणा, दिवाळीपासून घरातली एक खोली कापसाची असते. भाव चढेल या आशेवर कापूस आढ्यापर्यंत साठवायचा, त्याच्याच बाजूला अंथरूण टाकून निजायचे आणि पोरांनी रात्रभर अंग खाजवत बसायचे. मग माघ-फाल्गुनात एक दिवस गाडी भरली जाते आणि खोली एकाएकी मोकळी होते. तेव्हा तिची खरी अवस्था दिसते. कोपऱ्यात सरकी सांडलेली, भिंतीला रुई चिकटलेली, पायाशी उंदरांनी केलेली बिळे. वर लग्नसराई तोंडावर, पाहुणे यायचे. अशा वेळी घरधनी म्हणतात, “यंदा पेंटर बोलावू.” थांबा. त्याआधी माझी फजिती ऐका.

दोन वर्षांमागे नणंदेच्या लग्नाला मी हट्टाने बैठकीच्या खोलीला ऑइल पेंट लावून घेतला. आकाशी रंग, आरशासारखी चकाकी. जवळजवळ एक क्विंटल कापसाचे पैसे त्यात गेले. लग्नात सगळ्यांनी वाखाणणी केली. आषाढात त्या रंगाला फोड आले. पोळ्यापर्यंत रंग पापुद्र्यासकट गळू लागला, आणि पायाजवळची भिंत इतकी मऊ झाली की बोट आत जाई. सासूबाई म्हणाल्या, “भिंतीले पलाश्टिक गुंडाळलं तुम्ही. तिनं दम कसा घ्यावा?”

एवढ्या एका वाक्यात सगळे आले. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि उन्हावाऱ्यात ती सोडून देते. तेलाचा रंग तिचे तोंड बंद करतो. ओल आत कोंडते, माती फुगते, आणि रंगाबरोबर भिंतीचे कातडेही निघते. चकाकीपायी आपण भिंत कमजोर करून बसतो. म्हणून ज्यांचे घर मातीचे आहे त्यांना माझे सांगणे आहे की मातीला मातीच लावा, नाहीतर चुना.

पण माती कोणती? म्हातारी माणसे शेताला ‘काळी’ म्हणतात आणि गावठाणाला ‘पांढरी’. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाने आकसते. चैत्रात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. हीच माती भिंतीला लावली तर भिंतीवरही त्याच भेगा. म्हणून जुन्या लोकांनी पिकाला काळी आणि घराला पांढरी अशी वाटणी केली. पांढरी आणायला गावची गढी मात्र खणू नका. तिच्या पोटात जुन्या वस्तीचे अवशेष असतात आणि खणता खणता दरड अंगावर येते ती वेगळीच. आपल्याच पडक्या गोठ्याची भिंत असेल तिची माती घ्या. चाळली, भिजवली की ती पुन्हा कामाला येते.

आता सजावटीचे. सजावट म्हटले की आपल्याला बाजार आठवतो. प्लास्टिकची फुले, चमकीचे तोरण, धबधब्याचे चित्र. मी तुम्हांला बाजारात नेत नाही, सेवाग्रामला नेते. आपल्याच जिल्ह्यात असून कित्येक जणींनी ते शाळेच्या सहलीनंतर पाहिलेले नाही.

गांधीजी १९३६ साली तेथे राहायला आले तेव्हा त्या गावाचे नाव सेगाव होते. त्यांच्या आधीच मीराबेन त्या गावात येऊन राहिल्या होत्या. मूळ नाव मॅडेलिन स्लेड, इंग्रज आरमारातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी. १९२५ साली ही बाई हिंदुस्थानात आली आणि इथलीच झाली. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो ती झोपडी मुळात या मीराबेनची. माती, बांबू, वर कवेलू. तुमच्याआमच्या घरात जे सामान, तेच तिथे. बापू पुढे त्यात राहायला आले.

त्या कुटीत गेलात की भिंतीकडे पाहा. मीराबेननी तिथे मातीनेच उठावाची चित्रे केली आहेत. ताडाची झाडे, चरखा, ॐ. रंग नाही, चौकट नाही, काच नाही. ज्या मातीने भिंत सारवली त्याच मातीचे ताड भिंतीतून थोडेसे वर आलेले. खिडकीतून उजेड तिरपा आला की त्यांची कड उठून दिसते, दुपारी उजेड बदलला की वेगळी दिसतात. मला त्यात आवडते ते असे की बाकीची भिंत मोकळी आहे. एवढीशी झोपडी, पण ती भरलेली वाटत नाही. मीराबेन १९५९ साली भारत सोडून गेल्या आणि १९८२ साली परदेशात वारल्या. त्यांचे ताड आजही तिथे आहेत.

असे काम तुम्हांला येणार नाही असे म्हणू नका. चूल कोण घालते? कणगी कोण लिंपते? पोळ्याला मातीचे बैल कोण करते? हात तोच आहे. रीत सांगते.

पांढरी माती बारीक चाळणीने चाळा. तिच्यात मुठी-मुठीने बारीक कुटार आणि चौथ्या हिश्शाने ताजे शेण घाला. दोन-तीन दिवस भिजत ठेवा, रोज पायाने मळा. कुटारामुळे माती एकमेकींना धरून राहते आणि भेगा कमी पडतात. काळी मातीच मिळत असेल तर तिच्यात वाळू आणि कुटार दोन्ही सढळ हाताने घाला आणि आधी भिंतीच्या कोपऱ्यावर वीतभर लावून आठवडाभर पाहा. ज्या जागी चित्र करायचे तिथे भिंत खरवडून खडबडीत करा, कोळशाने आकार काढा, पाणी शिंपडा आणि मग माती थापा. एकदम जाड थापू नका. बोटभर जाडी हवी असेल तर तीन थरांत करा, एक थर सुकत आला की दुसरा. सुकताना बारीक भेगा पडतातच, घाबरू नका. पातळ कालवून ओल्या फडक्याने त्या बुजवा. शेवटी सारवणाचा हात.

चित्र कशाचे काढावे? हल्ली दुकानात वारलीचे ठसे मिळतात, ते आणून नाचणारी माणसे छापतात. वारली चित्र फार थोर आहे. डहाणूकडच्या बाया लग्नात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या, आणि त्याच कलेसाठी जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण ते त्यांच्या डोंगरातले, त्यांच्या देवाचे. आपल्या दारात काय आहे? उमललेले कपाशीचे बोंड घ्या, तुरीची शेंग घ्या, बैलाची शिंगे घ्या, पळसाची तीन पाने घ्या.

याला मोठा दाखला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. सजावटीला गांधीजींनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले. त्यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या सामानातून सारा मंडप उभा केला, अध्यक्षांच्या मिरवणुकीचा बैलांचा रथही सजवला. पुढे १९३८ साली गुजरातेत हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी चित्रे काढली ती कसली? ढोल वाजवणारा, सुतार, शिंपी, बैल. आलेल्या खेडुताने स्वतःलाच भिंतीवर पाहावे असे ते काम. एवढ्या मोठ्या चित्रकाराला बैल काढायला कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

रंग हवाच असेल तर मातीचे रंग घ्या. गेरू, पिवळी माती, काजळी. चुन्यात हे टिकतात. एक गंमत सांगते. चुन्याला पिवळेपणा यावा म्हणून एका घरी हळद कालवली आणि बादलीत पाहतात तर लालभडक. हळद आणि चुना भेटले की लाल व्हायचेच, पूर्वी कुंकू याच युक्तीने करीत. शिवाय हळद उन्हात उडून जाते. ती भाजीतच बरी.

चुन्याचे नीट ऐका. कळीचा चुना विरवताना पाणी उकळते. प्लास्टिकच्या बादलीत हे करू नका, लोखंडी पिंप घ्या. आधी पाणी, मग त्यात थोडाथोडा चुना. वरून पाणी ओतू नका. पोरांना लांब ठेवा, डोळ्यांना फवारणीचा चष्मा लावा. डोळ्यात उडालाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा. आठवडाभर मुरू द्या, गाळा, दुधासारखा पातळ करा, चिमूटभर नीळ घाला. भिंत ओली करून सकाळी किंवा दिवस कलल्यावर हात फिरवा. चुना हवेतला वायू घेऊन हळूहळू दगड बनतो, त्याला ओल लागते. वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशाच्या उन्हात दुपारी लावलात तर तो नुसता वाळतो आणि मग पाहुण्यांच्या पाठीला लागतो. दोन-तीन पातळ हात द्या, एक जाड नको. पांढऱ्या भिंतीने खोलीत किती उजेड वाढतो हे म्हातारीला सुईत दोरा ओवायला सांगून पाहा. जमले तर कवेलूच्या रांगेत एक काचेचे कवेलू बसवा.

ज्यांचे नवे घरकुल सिमेंटचे आहे त्यांनी मातीचा उठाव करू नये, तो गुळगुळीत सिमेंटला धरत नाही. तिथे आधी भिंत नीट सुकू द्या. घाईने रंग दिला तर लोणा फुटतो. एक भिंत गेरूने रंगवून तिच्यावर चुन्याने रेघा ओढा, किंवा आजीची जुनी गोधडी धुऊन बांबूच्या काठीवर टांगा. तिच्यातले ठिगळ-ठिगळ कोणाच्या लुगड्याचे ते पोरांना सांगता येते. दारे-खिडक्यांना मात्र तेलाचा रंग लागतोच. तो घेताना डब्यावर शिसे ९० पीपीएमच्या आत असल्याचे लिहिलेले पाहा. २०१७ च्या नोव्हेंबरपासून तसा नियम आहे. शिसे लेकरांच्या डोक्याला बाधते. जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून खरवडा.

आता थोडे कडू बोलते. आपल्या बैठकीत एका भिंतीवर नऊ-दहा कॅलेंडरे असतात. बियाण्याचे, खताचे, कीटकनाशकाचे, आणि प्रत्येकावर देव. देव म्हणून काढवत नाही आणि कंपनी म्हणून मान ठेववत नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईला छापखाना काढला आणि देव घरोघरी पोहोचले, हे चांगलेच झाले. पण एकाच देवाच्या चार तसबिरी आणि चारींवर धूळ, यात देवाचा कोणता मान? एक ठेवा, पुसून ठेवा. त्याच्याजवळ हातभर जागा मोकळी सोडा, श्रावणात जिवतीचा कागद लावायला.

आणि फवारणीचे रिकामे डबे! धुऊन, रंगवून त्यात मनीप्लँट लावलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, तोही पाळण्याशेजारी. दिसायला सुंदर होता. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषाने वीसहून अधिक माणसे गेली, ते इतक्यात विसरलो का? धुतल्याने विष पुरते जात नाही. वेल फुटक्या माठात लावा, तो अधिक शोभतो.

आमच्या त्या गळक्या आकाशी भिंतीचे काय झाले ते राहिलेच. रंग खरवडला, पाया पुन्हा भरला, मागच्या उन्हाळ्यात माती लिंपली. ती ओली असताना आमच्या सात वर्षांच्या पोरीने चमच्याने तिच्यावर बैल कोरला. शिंगे अंगापेक्षा मोठी, पाय पाच. सासूबाई सारवणाचा बोळा घेऊन मिटवायला गेल्या, जरा वेळ पाहत उभ्या राहिल्या, आणि मला म्हणाल्या, “गेरू आण व.” शिंगे त्यांनीच रंगवली. पाचवा पाय शेपटी आहे असे आता घरात ठरले आहे.

तुम्हांला अक्षय्य तृतीयेच्या आत हात फिरवायचा असेल तर चुना या आठवड्यातच भिजत घाला. माती दोन दिवसांनी भिजवली तरी चालेल.