जास्त कोअर, जास्त स्पीड? थांबा जरा!

कम्प्युटर घ्यायचा म्हटलं की आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एक 'एक्स्पर्ट' निघतोच. त्याचा फंडा सोपा असतो. बजेट सांग, त्यात बसतील तेवढे जास्त कोअर आणि मिळेल तेवढं मोठं ग्राफिक्स कार्ड. गेमिंगला ठीक आहे हो! पण ज्या मशीनवर पोट चालतं, तिथे हा हिशेब जाम महागात पडू शकतो.

माझ्या मावसभावाचं भोसरीत छोटंसं वर्कशॉप आहे. प्लास्टिकच्या डब्या-झाकणांचे मोल्ड बनवतो. दोन व्हीएमसी मशीन, चार माणसं आणि बँकेचा हप्ता. डिझाइन तयार झालं की कॅम सॉफ्टवेअर ठरवतं, कटर पोलादावरून कुठून कसा फिरणार. हा मार्ग म्हणजे टूलपाथ. मोल्डचा वळणदार भाग गुळगुळीत हवा असेल, तर त्यात लाखो बिंदू येऊ शकतात. ते गणित संपेपर्यंत व्हीएमसी नुसती उभी. हप्ता मात्र थांबत नाही!

दादाच्या हातात कोटेशन होतं. २४ कोअर, दणदणीत गेमिंग कार्ड आणि आत रंगीबेरंगी लाइट. "लाइट काय मोल्डला दाखवू? अगं, यातलं नेमकं काय टूलपाथ लवकर काढून देईल, तेवढं सांग," तो म्हणाला.

प्रश्न लाखमोलाचा. पुरणपोळ्या लाटायला चारजणी बसल्या तरी पुरण शिजायला लागायचा तेवढा वेळ लागतोच ना? टूलपाथचंही तसंच. आधीच्या कटरने किती धातू काढला हे कळल्याशिवाय उरलेल्या धातूचा हिशेब मांडता येत नाही. जीन अ‍ॅमडाल या कम्प्युटर आर्किटेक्टने १९६७ मध्येच हे मांडलं होतं. समजा, ६० टक्के काम वाटून घेता येतं. मग ४ कोअरवर वेग साधारण १.८ पट होतो, १६ कोअरवर २.३ पट. आणि हजार कोअर लावले तरी २.५ पटीच्या पुढे काही जात नाही!

म्हणून आधी बघायचा तो एका कोअरचा वेग. त्यातही नुसते गिगाहर्ट्झ नकोत, कारण जुन्या आणि नव्या पिढीच्या प्रोसेसरचे ४ गिगाहर्ट्झ सारखे नसतात. शिवाय बॉक्सवरचा 'बूस्ट' आकडा कायमचा नसतो. प्रोसेसर तापला की वेग उतरतो. त्यामुळे चांगला कूलर हवाच. स्लिम लॅपटॉप दिसतो झक्कास, पण तासभर गणित करताना त्याचा दम निघतो.

मग जादा कोअर अगदीच फुकट? तसंही नाही. काही प्रकारचे टूलपाथ काम वाटून घेतात. मास्टरकॅमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एक टूलपाथ मागे चालू ठेवून पुढचा तयार करता येतो. तिथे ते कामी येतात.

ग्राफिक्स कार्ड मुख्यतः मॉडेल स्क्रीनवर सफाईने फिरवायला. टूलपाथचं गणित बहुतेक वेळा प्रोसेसरच करतो. रॅम कमी पडली तर सगळंच रांगतं, पण पुरेशी असल्यावर आणखी टाकून वेग वाढत नाही. एसएसडीमुळे फाइल पटकन उघडते, गणित नाही आटपत. आणि यूपीएस हवाच. लाइट गेली की चालू हिशेब गेला!

एमआयडीसीच्या गुरुवारच्या सुट्टीला दादाने आपला सगळ्यात किचकट जॉब पेन ड्राइव्हवर घेतला आणि दोन मशीनवर चालवून घड्याळ लावलं. जास्त वेगाचा ८ कोअरवाला पुढे निघाला, तोही स्वस्तातला. उरलेल्या पैशांत रॅम आणि यूपीएस आले. तुमच्या जॉबला निकाल उलटाही लागू शकतो, म्हणून टेस्ट आपल्याच फाइलवर करायची.

आणि मंडळी, हे फक्त कारखानदारांसाठी नाही. एक्सेलचा मॅक्रोसुद्धा एकाच कोअरवर पळतो. पुढच्या वेळी पीसी रखडला की टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन सीपीयूच्या ग्राफवर राइट क्लिक करा आणि लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे बघा. एकच घाम गाळतोय आणि बाकीचे आरामात? मग आणखी कोअर घेऊन त्या आरामात बसणाऱ्यांची गर्दी कशाला वाढवायची, बॉस?