मुकीं जनावरें आणि घरांतील यंत्रें

प्रपंचांत जी नवी वस्तु येते ती आपल्याबरोबर नवें कर्तव्यहि घेऊन येते. आपल्या पणजोबांच्या काळीं पेटी, कंदील व पितळेचीं भांडीं एवढाच काय तो संसार असे. मांजरानें उडी मारली तर फार तर दुधाचें भांडें कलंडे, आणि कुत्र्यानें दांत लावले तर एखादी वहाण जाई. आज पुसेगांवासारख्या गांवांतहि घरोघर मोबाइल व टी. व्ही. आले असून पुष्कळ ठिकाणीं इन्व्हर्टर आणि लॅपटॉपहि दिसतात. अंगण तेंच, कुत्रें, मांजर, शेळी आणि कोंबडीं तींच; परंतु त्यांच्या वाटेंत आतां विजेच्या तारा आल्या आहेत. नुकसान झालें म्हणजे मात्र काठी जनावराच्या पाठीवर बसते. ही शिक्षा न्याय्य आहे काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

न्याय करावयाचा तर प्रथम कारण पाहिलें पाहिजे. कुत्र्याच्या पिल्लाचे दुधाचे दांत साधारणतः चौथ्या ते सातव्या महिन्यांत पडून कायमचे दांत येतात. त्या काळांत त्याच्या हिरड्या शिवशिवतात आणि जें सांपडेल तें तें चावीत सुटतें. चार्जरची वायर त्यास चामड्याच्या वादीहून निराळी भासत नाहीं. मांजराची गोष्ट वेगळी. त्याच्या शरीराची उष्णता 38 ते 39 अंश सेल्सिअस असते, आणि आपणांस जी ऊब असह्य व्हावी ती त्यास सुखाची वाटते. म्हणून थंडींत तें सेट-टॉप बॉक्सवर किंवा लॅपटॉपवर जाऊन बसतें. त्यामुळें उष्णता बाहेर पडण्याचीं छिद्रें झांकलीं जातात, केस आंत जातात आणि यंत्र तापून बिघडतें. शेळी तर ओठांनीं चांचपूनच वस्तूची ओळख करून घेणारी! शिवाय जनावराच्या मूत्रांत क्षार असतात. जमिनीवर ठेवलेल्या एक्स्टेन्शन बोर्डांत तें शिरलें तर वीज भलत्याच वाटेनें वाहते व तांब्यावर कळंक चढतो. या सर्व प्रकारांत द्वेष कोठेंहि नाहीं. जनावर स्वभावानुसार वागलें. वस्तु त्याच्या तोंडाजवळ ठेवणारा मनुष्य मात्र विचारानें वागला नाहीं. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचाच हा प्रकार होय.

कोणी म्हणेल, एका वायरचें तें मोल काय? परंतु प्रश्न वायरीपुरता नाहीं. चार्जरच्या मोबाइलकडील वायरींत विजेचा दाब थोडा असतो, टी. व्ही. व कूलर यांच्या वायरींत तो 230 व्होल्ट असतो. तींत दांत रुतला तर जनावराचें तोंड भाजतें, प्रसंगीं प्राणहि जातो. सोललेली तार तशीच राहिली तर रांगणाऱ्या मुलाचा हात तिच्यावर पडण्यास वेळ लागत नाहीं. मोबाइलची लिथियम बॅटरी दांतानें भोंसकली गेल्यास ती पेट घेऊं शकते. आणि ज्या घरीं सर्वांमिळून एकच मोबाइल आहे, त्या घरचें नुकसान पैशांत मोजतां येत नाहीं. 2020 सालीं कोरोनाच्या सांथींत शाळा बंद झाल्या तेव्हां मोबाइल हाच फळा झाला होता, हें कोणता पालक विसरेल? आजहि मुलांचा अभ्यास, बँकेचे निरोप, सातबाऱ्याचा उतारा हें सारें त्यांतच असतें. शिवाय जनावरानें केलेली मोडतोड कंपनीच्या साध्या वॉरंटींत सहसा बसत नाहीं.

यावर दोन आक्षेप निघतील. पहिला असा कीं, मग जनावरच पाळूं नये म्हणजे झालें. परंतु ज्या घरांत हळदीचीं व सोयाबीनचीं पोतीं रचलेलीं असतात, त्या घरांतून मांजर घालविणें म्हणजे उंदरांस आमंत्रण देणें होय. उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात; ते झिजविण्यासाठीं त्यास सतत कुरतडावेंच लागतें. वायरींचा खरा वैरी तो, आणि त्याचा बंदोबस्त करणारें मांजर! दुसरा आक्षेप असा कीं, एका खोलीच्या संसारांत हे बंदोबस्त कसे व्हावे? त्याचें उत्तर हेंच कीं, यांतील बहुतेक उपायांस पैसा नव्हे, संवय लागते.

चार्ज होणारा मोबाइल जमिनीवर किंवा अंथरुणावर न ठेवतां फळीवर ठेवावा आणि काम होतांच चार्जर काढून घ्यावा. एक्स्टेन्शन बोर्ड भिंतीस उंचावर टांगावा. भिंतीवरून जाणारी वायर प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टींत बसवावी; ही पट्टी विजेच्या सामानाच्या दुकानांत मिळते. इन्व्हर्टरची बॅटरी कुत्र्याशेळ्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी, कारण तींत तेजाब असतें. पिल्लास चावण्यासाठीं जाड दोराची गांठ द्यावी व मांजरास उन्हांत गोणपाट अंथरून द्यावें. हक्काची जागा मिळाली म्हणजे तें यंत्राची जागा सहसा शोधीत नाहीं. वायरीस तिखट चोळण्याची युक्ति मात्र करूं नये, त्यानें जनावराचे डोळे व नाक पोळतात. यंत्रावर पाणी किंवा मूत्र पडल्यास प्रथम मुख्य बटण बंद करावें, मग प्लग काढावा. भिजलेला मोबाइल तांदळांत पुरण्याची चाल पडली आहे. पण तांदळाचे कण आंत जाऊन अधिक बिघाड होऊं शकतो, असा इशारा अ‍ॅपल कंपनीनें 2024 सालीं दिला. जनावरास विजेचा धक्का बसत असेल तर त्यास हात लावूं नये. आधीं वीज बंद करावी. ज्यांस शक्य आहे त्यांनीं 30 मिलिअँपिअरला वीज तोडणारें सुरक्षा-बटण घरांत बसवून घ्यावें.

शिक्षेविषयींहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सकाळीं कुरतडलेल्या वायरीबद्दल संध्याकाळीं मारलें तर आपण कां मार खातों हें कुत्र्यास समजत नाहीं. तें फक्त मनुष्यास भिऊं लागतें. कांहीं लोक रागाच्या भरांत जनावर दूरच्या शिवारांत सोडून येतात. जनावरास मारहाण करणें, किंवा तें उपाशी तडफडेल अशा रीतीनें टाकून देणें, हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वयें अपराध आहे. प्राणिमात्रांविषयीं दया बाळगणें हें 1976 पासून राज्यघटनेंत नागरिकाचें मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद आहे. आणि आपणां हिंगोलीकरांस हें कायद्यानें शिकवावें लागूं नये. ज्या नर्सीस संत नामदेवांचें जन्मस्थान मानतात ती आपल्याच जिल्ह्यांत आहे. कुत्रें पोळी घेऊन पळालें तेव्हां नामदेव काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले, ही कथा येथील लहान मुलासहि ठाऊक असते.

विद्यार्थिमित्रहो, आज घरीं गेल्यावर एकदां जमिनीवर बसून, मांजराच्या उंचीवरून आपलें घर पाहा. कोणती तार लोंबते, कोणता बोर्ड उघडा आहे, कोणती ऊब मोह घालते, हें तुम्हांस तत्काळ दिसेल. जें दिसेल तें वडिलांच्या व आईच्या कानीं घालून त्याच दिवशीं उंचावर करा. यंत्रहि वांचेल, आणि मुका जीवहि मार खाण्यांतून सुटेल.