भाग दुसरा कशासाठी?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमची एकांकिका गाजली. टाळ्यांचा आवाज अजून कानांत होता, तोच नाट्यमंडळाच्या बैठकीत सूचना आली, "यंदा तिचाच दुसरा भाग करू. प्रेक्षक ठरलेला!" लेखक या नात्याने मी हुरळलो आणि होकार देऊन मोकळा झालो. पुढे पंधरा दिवस कोरा कागद समोर घेऊन बसलो. माझ्या नायकाला आता सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते! त्या कोऱ्या कागदानेच मला विचारात पाडले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आज जिकडे पाहावे तिकडे पुढच्या भागांचे पीक आले आहे. 'हाउसफुल' हा चित्रपट २०१० साली आला. २०२५ साली त्याचा पाचवा भाग दोन निरनिराळ्या शेवटांसह पडद्यावर झळकला. आपल्या मराठीत 'मुंबई-पुणे-मुंबई' ही २०१० सालची एका दिवसाची गोड गोष्ट. तिला २०१५ साली लग्न जोडले गेले, २०१८ साली पाळणा! वसतिगृहातील मित्र ज्या व्हिडिओ गेम्सवर रात्री जागवतात, तेथेही तेच. 'असॅसिन्स क्रीड' २००७ साली निघाला आणि मग जवळजवळ दरवर्षी त्याचा नवा भाग येत गेला. शेवटी खेळणारे कंटाळले आणि २०१६ साली निर्मात्यांनाच एक वर्ष उसंत घ्यावी लागली.

मग दुसरा भाग वाईटच का? तसे मुळीच नाही. भवभूतीने 'महावीरचरित' लिहिले आणि त्यानंतर 'उत्तररामचरित'. रसिकांनी डोक्यावर घेतले ते दुसऱ्याला. कारण राज्याभिषेकाने रामकथा सुखान्त झाली, तरी सीतेचे काय, हा प्रश्न शिल्लक होता. 'लगे रहो मुन्नाभाई'नेही २००६ साली जुन्याच मुन्नाला गांधीजींसमोर उभे केले, म्हणून तो शिळा वाटला नाही. प्रश्न शिल्लक असेल तर पुढचा भाग जरूर लिहावा. केवळ गल्ला शिल्लक आहे म्हणून लिहू नये.

पण दोष एकट्या निर्मात्याचा नाही. तिकीट महाग, म्हणून आपण ओळखीचे नाव पाहूनच खिशात हात घालतो. निर्मात्याला पैसे बुडण्याची भीती, आपल्याला संध्याकाळ वाया जाण्याची. या दोन भीतींच्या मध्ये नवा लेखक मात्र दाराबाहेर ताटकळत राहतो. आज तो कोणी अनोळखी असेल, उद्या आपल्यापैकीच एक असेल.

अखेर मी मंडळाला नकार कळवला. काही मित्र रुसले. यंदा प्रथम वर्षातील एका मुलीची नवी संहिता रंगमंचावर आली. टाळ्या गेल्या वर्षीपेक्षा कमी पडल्या, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. परंतु त्या एकांकिकेवर उपाहारगृहात आठवडाभर भांडणे झाली; माझ्या एकांकिकेवर एकही झाले नव्हते.

तेव्हा मित्रहो, अधूनमधून अनोळखी नावाचेही तिकीट काढा. नाहीतर पुढच्या वर्षीच्या अंकात या लेखाचाही 'भाग दुसरा' वाचण्याची पाळी तुमच्यावर येईल!