लेझरचा नेम आणि स्फटिकाची घडण

डिसेंबर २०२३ मध्ये 'नासा'च्या 'सायकी' यानाने सुमारे ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून लेझरद्वारे एक चित्रफीत पृथ्वीवर धाडली. अशा यशानंतर चर्चा होते ती वेगाची. पण लेझरच्या उपयोगाचे मर्म आहे ते नेमात. हा नेम आजही बहुतांशी हलत्या आरशांच्या भरवशावर साधला जातो. आरशाला वजन असल्याने त्याच्या चपळाईला मर्यादा पडते. शिवाय हलणारे भाग झिजतात. काहीही न हलवता किरण वळवता आला, तर वाहनांवरील संवेदकांपासून उपग्रहांपर्यंत अनेक यंत्रणा अधिक टिकाऊ होतील.

त्यामागील तत्त्व नवे नाही. विद्युतदाबाने स्फटिकाचा वक्रीभवनांक बदलतो, याचा अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख पॉकेल्स यांनी १८९३ मध्येच केला होता. अडचण आहे ती प्रमाणाची. लिथियम नायोबेटच्या १ मिलिमीटर जाडीवर १००० व्होल्टचा दाब दिला, तरी हा बदल ०.०००२च्या आतच राहतो. दाब वाढवत नेल्यास स्फटिकालाच इजा पोहोचण्याची भीती असते.

म्हणूनच संशोधकांनी घडणीकडे लक्ष वळवले. स्फटिकातील त्रिकोणी भागांच्या ध्रुवीकरणाची दिशा उलटवली, की एकाच तुकड्यात लोलकांची रांग तयार होते आणि प्रत्येक लोलक किरणाला थोडाथोडा वळवतो. ही रांग शिंगाच्या आकाराची, म्हणजे आरंभी अरुंद व पुढे रुंद केल्यास तेवढ्याच दाबात वळण वाढते. जपानच्या 'एनटीटी'च्या संशोधकांनी २००६ मध्ये वेगळी वाट दाखवली. 'केटीएन' स्फटिकात इलेक्ट्रॉन सोडून त्यांनी अवघ्या ५ मिलिमीटर लांबीत, काहीशे व्होल्टवर सुमारे १४ अंशांचे वळण मिळवले. मात्र या स्फटिकाचे तापमान काटेकोरपणे राखावे लागते.

तरीही केवळ अंश मोजणे फसवे ठरते. किरण आणि त्याची वाट अरुंद केली की वळण वाढते. पण विवर्तनामुळे तो किरण पुढे तितकाच अधिक पसरतो. त्यामुळे किती ठिपके एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात, हीच खरी कसोटी होय. या कसोटीवर आरसे अद्याप बाद झालेले नाहीत. ढोबळ दिशा आरशाने आणि जलद, सूक्ष्म दुरुस्ती स्फटिकाने, ही विभागणीच तूर्त व्यवहार्य दिसते. अशा उपकरणांवर पैसा लावणाऱ्यांनी अंशांच्या आकड्याला न भुलता ठिपक्यांचा हिशेब आधी मागावा.