पेनातली नोंद कोणी पाहायची?

वाकडमध्ये इमारती वाढल्या, हिंजवडीत नोकरी करणारी मुले इथे राहायला आली आणि त्यांच्यामागून गावाकडचे अम्मी-अब्बा आले. कोणी रत्नागिरीहून, कोणी बीड-लातूरकडून. सामानात शुगरच्या औषधांची पिशवी बहुतेकांकडे असतेच. देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज आयसीएमआर-इंडियॅब पाहणीने 2023 मध्ये मांडला. त्यातले काही इन्सुलिन घेतात, आणि अशा घरांत हल्ली 'स्मार्ट पेन'चा विषय निघतो.

इन्सुलिनचे पेन नवे नाही, ते 1985 पासून आहे. नवे आहे ते त्याचे लक्षात ठेवणे. किती वाजता, किती युनिट घेतले, हे पेन टिपून ठेवते आणि मोबाईलशी जोडले की ती यादी अ‍ॅपमध्ये दिसते. नोव्होपेन 6 या पेनात शेवटच्या 800 डोसांची नोंद राहते. हे पेन शुगर मोजत नाही, डोस आपोआप देत नाही. सुई आपणच टोचायची. हे मुद्दाम सांगतो, कारण 'स्मार्ट' म्हटले की पेनच सगळे सांभाळेल असे अनेकांना वाटते.

फायदा खरा आहे. संध्याकाळी पाहुणे आले, गप्पांत वेळ गेला, मग प्रश्न पडतो, सुई घेतली की राहिली? विसरून दुसऱ्यांदा घेतली तर शुगर एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकते. पेन पाहिले की उत्तर मिळते. स्वीडनमध्ये टाइप 1 मधुमेह असलेल्या प्रौढांना असे पेन दिले तेव्हा जेवणाच्या वेळचे चुकलेले डोस 43 टक्क्यांनी कमी झाले, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. अभ्यास लहान होता, जेमतेम 94 जणांचा, आणि आपल्याकडच्या टाइप 2 च्या बुजुर्गांना तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

मग लोक बिचकतात कशाला? किंमत हे एक कारण, मोबाईलची भीती दुसरे. पण आम्हाला मोठे वाटते ते तिसरेच. अब्बांच्या पेनाची यादी मुलाच्या मोबाईलवर जाते आणि दुपारी ऑफिसातून फोन येतो, "अब्बा, आज सुई का नाही घेतली?" ज्यांनी आयुष्यभर घर चालवले, त्यांना आता हजेरी द्यावी लागते. काही जण चिडून पेन कपाटात ठेवतात. काही तर सुई हवेत सोडतात, नोंद होते आणि इन्सुलिन वाया जाते. अशी खोटी यादी पाहून डॉक्टरांनी डोस वाढवला तर काय होईल, विचार करा.

म्हणून पेन घेण्याआधी घरात मशवरा करावा. नोंद कोणाला दिसेल, हे अम्मी-अब्बांनीच ठरवावे. मुलांनी डोस चुकल्याचे दिसले तर आधी विचारावे, जेवण झाले नव्हते का? शुगर कमी वाटत होती का? सुई टाळण्यामागे बरेचदा कारण असते, आणि डॉक्टरांना तेच कळायला हवे असते.

रमजानच्या आधी ही नोंद विशेष कामाची. सहरी आणि इफ्तारचे डोस बदलावे लागतात. त्यासाठी 6 ते 8 आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, सोबत नोंद न्यावी. इन्सुलिनने रोजा तुटतो असे समजून काही जण सुई बंद करतात. पोषण न देणाऱ्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असा निर्णय जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1997 मध्येच दिला आहे. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, पण सुई परस्पर बंद करू नका. आणि रोज्यात शुगर 70 च्या खाली गेली तर तो लगेच सोडायचा असतो.

पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधले इन्सुलिन जुन्या सिरिंजने काढून घेऊ नये. कार्ट्रिज बहुधा 100 युनिटची, तर घरातली लाल टोपीची सिरिंज 40 ची असते. त्याच खुणेवर अडीचपट इन्सुलिन जाते. जादा साधे पेन घरात ठेवलेले बरे.

स्मार्ट पेन परवडत नसेल तर फ्रिजशेजारी कॅलेंडर लावा आणि सुई घेतल्यावर तारखेखाली वेळ व युनिट लिहा. ते मात्र सुई घेणाऱ्यानेच लिहायचे, सुनेने नव्हे.